जर्मन राजाची लेंगी

माझ्या मुलांचं म्हणणं असं की, आता या वयात मी टेंभेकर सरांना माफ करून टाकावं. सर नव्वदीच्या पुढे गेले, तूही काही तरुण राहिली नाहीस, दोन्ही गुडघे बदलून झाले, आता कसला राग धरून बसतेस? मी ऐकून घेते आणि चहा पिते. राग धरायला गुडघे लागत नाहीत. बाकी सगळं हातातून सुटत चाललं असताना ही एक गोष्ट अजून माझ्या मुठीत आहे, आणि ती का आहे हे नीट लिहून ठेवावं म्हणून हे प्रकरण.

आमचा तांडा यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरपासून तासाभराच्या वाटेवर. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं, पण तांड्यात त्याचं कुणाला फारसं काही नव्हतं. आजोबांच्या पिढीपर्यंत आमची बंजारा माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडली. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेच बैल नांगराला जुंपले आणि कपाशी न् तूर पेरली. आजोबांच्या जुन्या गोण्या तेवढ्या घरात उरल्या होत्या, कवड्या लावलेल्या, जाडजूड, आणि त्यांत आता सरकी भरलेली असायची. त्या घराची आठवण काढली की मला आधी आवाज ऐकू येतो. माझी याडी, म्हणजे आई, पहाटे जात्यावर बसली की तिच्या दंडापर्यंतच्या बांगड्या एकमेकींवर आपटायच्या आणि केसांत गुंफलेले चांदीचे घुंगरू कानापाशी वाजायचे. डोळे न उघडता कळायचं, याडी आता जात्यावरून उठली, आता चुलीपाशी गेली. खायला ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरीच, सोबत अंबाडीची भाजी नाहीतर तुरीचं वरण; आणि सणाला बोकड पडलं की सळोई. बोकडाचं रक्त आणि काळीज तिखट-मसाल्यात शिजवून केलेली सळोई ज्यांनी खाल्ली नाही त्यांना मी समजावून सांगत बसत नाही. बापू जेवताना अखंड बोलायचे, पण सळोई ताटात पडली की गप्प व्हायचे.

याडीच्या लोखंडी पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून तिचा लग्नातला पोशाख ठेवलेला असायचा. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, त्यावर काचळी म्हणजे चोळी, आणि डोक्यावरून घ्यायची टुकरी. तिन्हींवर आरशाच्या टिकल्या, कवड्या आणि इतकं बारीक भरतकाम की बोट फिरवलं तर बोटाला गावं आणि रस्ते लागत आहेत असं वाटायचं. लग्न ठरल्यापासून लग्न लागेपर्यंत तिनं तो स्वतः शिवला होता. रोजचा फेटिया वेगळा, तो शेतात मळायचा, फाटायचा. हा मात्र वर्षातून एकदा ऊन खायला बाहेर यायचा, तोही आम्हाला हात न लावू देता.

मला शाळेत घातलं बापूंनी. तांड्यातून नेरच्या हायस्कूलला जाणारी मी एकटी पोरगी. याडीच्या मनात नव्हतं, पण बापूंनी हट्ट धरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. पण तिथं जर कोणी माह्या पोरीले हासलं, तर त्याच दिवशी वापस." हे मी नीट लक्षात ठेवलं होतं. शाळेत मला लमाणीन म्हणायचे, माझ्या कानातल्यांना हात लावून बघायचे, डब्यातली बाटी हुंगायचे. यातलं काही मी घरी सांगितलं नाही. मला शाळा हवी होती. सगळ्यात जास्त मला पुस्तकं हवी होती, आणि पुस्तकं होती टेंभेकर सरांकडे.

सर आम्हाला इतिहास आणि मराठी शिकवायचे. अमरावतीकडून आलेले, अविवाहित, गोरेपान, कोटाची सगळी बटणं लावणारे. त्यांनी स्वतः दोन साहसकथा लिहून छापून आणल्या होत्या आणि त्यांच्या खोलीत एका भिंतीला छतापर्यंत तसलीच पुस्तकं होती: हेरकथा, लढाईच्या कथा, गुप्त किल्ल्यांच्या कथा. वर्गात माझं मराठी चांगलं म्हणून ते मला एकेक पुस्तक वाचायला द्यायचे. मी वाटेनं चालताना वाचायची. म्हणजे या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी नाकारत नाही. म्हणूनच पुढचं अधिक लागलं.

त्या पुस्तकांत खलनायक बहुतेक जर्मन असायचा, आणि तोही कैसरच्या काळातला, पहिल्या महायुद्धाचा. चार-पाच पुस्तकं झाल्यावर मला तो दुरूनच ओळखू यायला लागला. एका डोळ्याला काच. गालावर तलवारीचा व्रण. मिशांची टोकं वर वळलेली, डोक्यावर टोकदार टोप, आणि खोलीत शिरला की बुटांच्या टाचा खाडकन जुळवणार. घड्याळ बघून कैद्यांना गोळ्या घालणार आणि मग शांतपणे पियानो वाजवणार. त्याची बायको नसेच, आई असली तर ती किल्ल्याच्या तळघरात राहणारी अर्धी चेटकीण. हा माणूस कधी हसायचा नाही; हसला तर पुढच्या पानावर कुणीतरी मरायचं. मी हे सगळं खरं मानत होते. नेरच्या पंचक्रोशीत जर्मन माणूस कुणी पाहिला होता? आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी. याडीकडे जर्मनचा एक बेताचा गंज होता, त्यात वरण शिजायचं.

मध्येच सांगते. माझा नातू आता खऱ्या जर्मनीत नोकरी करतो. त्याची घरमालकीण सत्तरीची बाई आहे, कुत्रा पाळते, फोनवर मला हात करते आणि बारीकसारीक गोष्टीला खळखळून हसते. एकदा तिनं त्याला जेवायला बोलावलं आणि ताटात काय वाढलं, तर डुकराच्या रक्ताचं काहीतरी, आतड्यात भरून शिजवलेलं. नातू म्हणाला, "आजी, मी डोळे मिटून खाल्लं आणि मला तुझी सळोई आठवली." मी खूप हसले. म्हणजे सरांनी पुढे नाटकात अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता; तो कोणता ते येईलच. त्याचंही श्रेय मी त्यांना देणार नाही.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी सरांनी स्वतः नाटक लिहिलं. नाव 'कैसरचा काळा किल्ला'. त्यात बॅरन फॉन श्टुर्मबर्ग नावाचा सरदार, त्यानं पळवून आणलेली मुलं, आणि त्यांना सोडवणारा एक शूर हिंदी शिपाई. संमेलनाला महिना उरला असताना सरांनी मला तासानंतर थांबवलं.

"सोनी, तुझ्या आईकडे ते आरशांचे कपडे असतील ना? जुने, भारी?"

"आहेत सर. लग्नातले आहेत."

"किल्ल्यातल्या राजघराण्यातल्या बाईसाठी हवेत. दिव्याच्या उजेडात काय झगमगतील! विचारून बघ."

आणि मग, सहज विचारल्यासारखं, "बरं, तुमच्या भाषेत 'इकडे ये' कसं म्हणतात गं? आणि 'जेव'?" मी सांगितलं, 'अत्त आव' आणि 'बाटी खाल'. सर वहीत उतरवून घेत होते. शाळेतल्या कुणी मोठ्या माणसानं माझ्या भाषेतला शब्द विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी आणखी चार शब्द न विचारता सांगितले.

घरी मी म्हटलं, राणीसाठी हवेत. याडीनं हातातलं काम ठेवलं. (आम्ही घरात गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा भाषेतच बोलायचो, इथे वाचकांना कळावं म्हणून वऱ्हाडीत लिहिते आहे.) "राणीसाठी? कोणत्या राणीसाठी?"

"जर्मन देशाच्या."

"तिथल्या राण्या असाच फेटिया घालतेत?"

"सर म्हणतात शोभून दिसतो."

ती मान्य करील असं मला वाटलं नव्हतं. पण तिनं पेटी उघडली. दोन दुपारी ती अंगणात बसून सुटलेल्या टिकल्या पुन्हा टाचत होती. चांदीचे दागिने चिंचेनं घासले. काशी काकी, आमच्या शेजारची, तांड्यातली सगळ्यात तिखट जिभेची बाई, कुंपणावरून म्हणाली, "काहून वं, पोरीचं लगन काढलं का?" तर याडी मान वर न करता म्हणाली, "राणीले देऊन राह्यली." तिच्या आवाजातला तो तोरा मला अजून ऐकू येतो. तेवढा आवाज जरी आठवला तरी सरांना माफ करण्याचा विचार माझ्या डोक्यातून निघून जातो.

संमेलनाला याडी, बापू आणि काशी काकी बैलगाडीतून आले. तांड्यातलं कुणी शाळेच्या कार्यक्रमाला येण्याचीही ती पहिलीच वेळ. बायकांच्या बाजूला सतरंजीवर याडी पुढेच बसली, आपला फेटिया जवळून दिसावा म्हणून. मी तिच्या मांडीला मांडी लावून. गॅसबत्त्या सूं सूं करत होत्या. पडदा वर गेला, बॅरन खाडकन टाचा जुळवत आला, गालावर लाल रंगाचा व्रण, डोळ्याला काच. ती दोनदा खाली पडली आणि लोक हसले. मीही हसले. मग शूर शिपाई तळघरात उतरला, आणि तळघरातून बॅरनची आई बाहेर आली.

आमच्याच वर्गातला अडत्याचा पोरगा होता तो. तोंडाला काजळी, पुढचे दात काळे केलेले, केसांचा झिपरा टोप, आणि अंगावर याडीचा फेटिया. तो खाजवत खाजवत आला. एका हातात हाड, दुसऱ्या हातात लाल पाण्याचा वाडगा, त्यात बोटं बुडवून चाटत होता. पळवून आणलेल्या पोरांकडे बघून तो किंचाळला, "अत्त आव! बाटी खाल! अत्त आव!"

शूर शिपाई प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "ऐका ही रानटी जर्मन भाषा!"

सगळं मैदान हसलं. चेटकीण नाचायला लागली, तिचा पाय घेरावर पडला, शिलाई टरकन उसवली आणि आरशांची एक पट्टी मंचावर घरंगळली. त्यावर टाळ्या पडल्या. आमच्या मागे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ओ माय, हे तं आपली लमाणीनच आणून उभी केली!" दुसरी म्हणाली, "जर्मन बी अशेच घाण राहत असतीन." मग त्यांना पुढे बसलेली याडी दिसली आणि त्या तोंडावर पदर घेऊन आणखी हसल्या.

मला सगळं एकदम कळलं. सरांना जर्मन माणूस माहीत नव्हता. पुस्तकातली काच आणि टोप घेऊन झाल्यावर पुढचा रानटीपणा कुठून आणायचा, तर बाजारात रोज दिसणाऱ्या आमच्यातून. जे रक्त चाटत होते ते आम्ही, जे पोरं पळवत होते ते आम्ही, आणि जी भाषा मी खुशीनं सांगितली तिला मैदान हसत होतं.

याडी उठून गेली नाही. शेवटपर्यंत ताठ बसून राहिली. नाटक संपल्यावर ती मंचामागे गेली, त्या पोराच्या अंगावरून एकेक कपडा उतरवून घेतला, मग मंचावर वाकून पडलेल्या टिकल्या वेचल्या. सर हात जोडून म्हणाले, "फार छान दिसले हो कपडे." तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नदीवर राखेनं तो फेटिया धुतला, आणि वाळत घालताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "शाळा झाली तुही."

"याडी, माहं काय चुकलं?"

"तुहं काईच नाई चुकलं. पण जिथं माह्या फेटियाले हासतेत तिथं माही पोरगी जाऊन बसणार नाई."

बापूंनी या वेळी हट्ट धरला नाही. मी जेवण सोडून पाहिलं, रडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शाळेच्या वेळेला मी तुरीच्या शेंगा झोडपत होते आणि प्रत्येक फटक्याला मला टेंभेकर सरांची बटणं दिसत होती.

होळीच्या आधीच्या बाजाराला मी बापूंबरोबर नेरला गेले, तर सर समोरून आले. मी शाळेत का येत नाही हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "अरे वा, बरी भेटलीस. आपलं नाटक यवतमाळच्या स्पर्धेला निवडलं गेलं! आईला सांग, ते कपडे पुन्हा लागतील. हवं तर मी स्वतः येऊन विनंती करतो. कधी येऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं त्याचा मला आजही अभिमान आहे. मी खाली मान घालून अगदी गुणी मुलीच्या आवाजात म्हटलं, "धुळवडीला या सर. त्या दिवशी शेतावर कुणी जात नाही. सगळे घरीच असतात."

"हे उत्तम. नाहीतरी गावात त्या दिवशी रंगाचा धिंगाणा असतो. मला तो प्रकार सोसत नाही. त्यापेक्षा तांड्यावर शांत."

आमच्या तांड्यातली होळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. धुळवडीच्या दिवशी तांडा बायकांच्या ताब्यात असतो. त्यांना गेरणी म्हणतात. हातात ओल्या फोका, म्हणजे लवचीक काठ्या, घेऊन त्या वाटा अडवतात, आणि जो पुरुष सापडेल त्याच्याकडून फाग मागतात: गूळ, नारळ, जे असेल ते. नसेल त्यानं त्या सांगतील ते करायचं. त्याच्यावर डफाच्या तालात गाणी रचतात, त्यांना लेंगी म्हणतात, आणि लेंगीत त्याचं वर्षभराचं सगळं उघडं पाडतात. यात एक नियम फार जुना आहे. ज्याच्यावर लेंगी रचली तो मनापासून हसला की गाणं तिथंच संपतं, पुन्हा कुणी म्हणत नाही. जो राग धरतो, त्याची लेंगी तांड्यात राहते.

मी घरी येऊन याडीला नाही, काशी काकीला सांगितलं. तिनं मिश्री लावलेलं बोट तोंडातून काढलं आणि विचारलं, "सोताच येतो म्हणे?"

"सोताच."

"देव पावला." एवढंच बोलून ती डफ तापवायला गेली. धुळवडीपर्यंत पळसाची फुलं उकळताना, गोवऱ्या थापताना बायका काहीतरी गुणगुणायच्या आणि मी जवळ गेले की हसायच्या. याडी त्यांच्यात बसायची, पण गायची नाही.

धुळवडीला ऊन वर चढलं आणि सर सायकलवरून आले. पांढरी विजार, काळा कोट, सगळी बटणं लावलेली. लिंबाखाली फोका दिसल्या तेव्हाच त्यांनी वळायला हवं होतं. पण त्यांनी सायकल उभी केली आणि म्हणाले, "नमस्कार. सोनीचं घर कुठलं?" पुढच्या क्षणी त्यांच्याभोवती सगळ्या तांड्याच्या बायका होत्या.

"फाग दे," काशी काकी म्हणाली.

"काय देऊ?"

"फाग. गूळ आणला? नारळ आणला? हात हालवत आला काय रे जर्मन?"

बायका खिदळल्या. सर म्हणाले, "बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, मी हायस्कूलमध्ये शिक्षक आहे," आणि पोटरीवर पहिली फोक बसली. फार जोरात नाही. पण बसली.

मग जे झालं ते मी बापूंच्या शेजारी उभी राहून डोळे भरून पाहिलं. त्यांच्या कोटावर काशी काकीचा विटका, ठिगळांचा फेटिया बांधला. होळीतल्या कोळशानं मिशांची टोकं वर वळवली. आमच्या घरचा जर्मनचा गंज उपडा करून डोक्यावर ठेवला आणि त्यावर शेणात एक वांगं उभं बसवलं, टोपाचं टोक म्हणून. एवढं झाल्यावर याडी पुढे आली. तिच्या मुठीत मंचावरून वेचलेल्या टिकल्यांतला एक मोठा आरसा होता. कणकेचा गोळा लावून तिनं तो सरांच्या उजव्या डोळ्यावर चिकटवला, आणि दोन पावलं मागे सरून बघितलं, जशी भरतकाम बघायची.

डफ वाजला. लेंगीची गोरबोलीतली नजाकत मला मराठीत आणता येत नाही, पण अर्थ असा होता:

*आला आला जर्मन राजा सायकलवर बसून,*
*बाईचा फेटिया मागाले आला, कोटाची बटणं लावून.*
*राजा, तुह्या माईनं शिवला नाई का रे फेटिया?*
*राजा, तुह्या माईनं शिकवली नाई का रे बोली?*

गाणं थांबलं तेव्हा याडी हातात बाटीचं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. ती कोणाही परक्या पुरुषाशी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"अत्त आव," ती म्हणाली. "म्हण."

"हे बघा बाई..."

फोक बसली. "म्हण मास्तर."

"अत आव."

"अत नाई. अत्त. नीट म्हण."

"अत्त आव."

"बाटी खाल."

"बाटी खाल."

ती एकेक शब्द म्हणत गेली, सरांनी माझ्याकडून वहीत उतरवून घेतलेले सगळे, आणि ते मागून म्हणत गेले. चुकले की फोक, बरोबर आलं की पुढचा शब्द. असं शिकवताना मी कुणाला पाहिलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "आता सांग. हे कोणत्या मुलखाचं बोलणं हाय?"

सरांच्या गंजाखालून घाम येत होता.

"जर्मनचं हाय?"

"नाही."

"मंग कोनाचं?"

"तुमचं," ते पुटपुटले.

"पोरी तिकडे मांगं उभ्या हायेत. त्याईले आयकू गेलं नाई."

"तुमचं! तुमचं आहे! बंजाऱ्यांचं आहे!"

याडीनं बाटीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला. काशी काकी पुढे झाली, तिनं गंज उतरवला आणि खरोखर मायेनं म्हणाली, "झालं रे बाप्पा. आता हास. हासला का सुटला, गाणं बी सुटलं."

मला ते दृश्य अजून स्पष्ट दिसतं. सगळ्या बायका वाट बघत होत्या. एक साधं हसू हवं होतं. बापू तर आधीच हसू लागले होते, त्यांना सोबत म्हणून. सरांनी डोळ्यावरचा आरसा उपटून फेकला आणि म्हणाले, "मी हे हेडमास्तरांना कळवणार आहे. रानटी लोक!" फेटिया पायात अडकत असतानाच त्यांनी सायकल ओढली. काशी काकीनं तो मागून ओढून घेतला, नाहीतर तसेच गेले असते.

त्यांच्या पुस्तकांतला बॅरनही हसायचा नाही.

याडीनं खाली वाकून आरसा उचलला, पुसला आणि मला म्हणाली, "उद्यापासून शाळेत जाय."

"तो काढून टाकीन मले."

"कोणत्या तोंडानं काढीन? काय झालं म्हणून सांगीन? जाय. आता तुह्याकडे पाहून थोच खाली पाहीन."

तसंच झालं. सरांनी हेडमास्तरांना काही कळवलं नाही. मी पहिल्या बाकावर बसले. हजेरीत माझं नाव आलं की ते खिडकीकडे बघून घ्यायचे, आणि मी मुद्दाम मोठ्यानं "हजर" म्हणायची. मॅट्रिक होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं नाही. नाटक यवतमाळला चेटकिणीला पडद्याचं कापड गुंडाळून झालं. बक्षीस मिळालं नाही, हे मी खात्री करून घेतलं आहे. पुस्तकं द्यायचं त्यांनी बंद केलं, तेवढं मात्र माझं नुकसान झालं. ते मी पुढे पगारातून भरून काढलं. शिक्षणखात्यात नोकरी केली, याच जिल्ह्यातल्या शाळा तपासल्या, आणि स्नेहसंमेलनाची नाटकं आधी मागवून वाचल्याशिवाय एकाही शाळेला करू दिली नाहीत.

याडी गेली, काशी काकी तिच्याही आधी गेली. लेंगी राहिली. लग्न होऊन पोरी गेल्या तिकडे ती गेली, दारव्ह्याकडे, दिग्रसकडे. आता ती गाणाऱ्या पोरींना जर्मन राजा कोण होता हे माहीत नाही, पण कोटाच्या बटणांचं कडवं आलं की त्या स्वतःच्या छातीवर बटणं लावून दाखवतात.

काही वर्षांपूर्वी नेरला सरांचा सत्कार झाला, दीर्घ साहित्यसेवेबद्दल. जुनी विद्यार्थिनी म्हणून मला व्यासपीठावर बोलावणं आलं. मी याडीचा फेटिया घालून गेले. उसवलेली पट्टी तिनंच पुन्हा टाचली होती, एक मोठा आरसा जरा तिरका बसलेला. सरांनी तो पाहिला, पण ओळखला की नाही कळलं नाही. कार्यक्रमात बंजारा लोकनृत्य होतं, आमच्याच तांड्यातल्या पोरी. पडद्यामागे त्यांनी मला विचारलं, "मावशी, कोणतं म्हणू?"

मी म्हटलं, "जर्मन राजाचं."

डफ वाजला आणि पहिल्या ओळीला सरांची मान वर झाली. त्या सबंध सभागृहात व्यासपीठावरच्या आम्हा दोघांनाच ते गाणं कुणावर आहे हे कळत होतं. बाकीचे ठेका धरत होते. आमदारही टाळ्या वाजवत होते. बटणांचं कडवं आलं, पोरींनी बटणं लावली, सभागृह हसलं, आणि सर माझ्याकडे वळले. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. साठ वर्षांनी सरळ बघत होते. मग ते हसले. दात नव्हते, तरी हसले, आणि टाळ्या वाजवायला लागले.

काशी काकीनं सांगितलेला नियम या माणसाला आठवला असेल की नुसताच हसला असेल, देव जाणे. नाचणाऱ्यांतली मोठी पोरगी हुशार, तिला नियम ठाऊक होता, आणि माझ्याकडे वळून हसणाऱ्या सरांना बघून गाणं कुणावर आहे हे तिनं ताडलं होतं. तिनं पाऊल थांबवून माझ्याकडे पाहिलं: संपवू का?

मी सरांचे डोळे बघितले. तोंड हसत होतं. मला याडी आठवली, चिंचेनं चांदी घासताना, "राणीले देऊन राह्यली" म्हणताना.

मी पोरीला मान हलवून सांगितलं, नाही. पुढचं कडवं म्हण.